दुसऱ्या रकान्यातलं नाव

आमच्याकडे मुलाचं मधलं नाव कुणी शोधत बसत नाही. मूल पोटात असल्यापासून ते ठरलेलं असतं, कारण ते बापाचं नाव असतं. शोधायचं असतं ते पहिलं. मग आत्या, मावश्या, शेजारणी एकेक नाव सुचवतात, ते बापाच्या नावाशेजारी ठेवून म्हणून बघतात आणि शोभतं की नाही ते ठरवतात. माझ्या मुलाच्या वेळी उलटं झालं. पहिलं नाव ठरलेलं होतं. मधलं मला सांगावं लागलं, आणि तेही दोनदा.

नावं मी इथे लिहिणार नाही. ही वही मी कुणाला दाखवत नाही, तरी लिहायला हात धजत नाही. माहेरी आईने सांगून पाठवलं होतं की नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही आणि थोरल्या दिराचं तर मुळीच नाही. मी चौथीपर्यंत मराठी शाळेत गेले. त्यानंतर घरात जे सांगितलं तेच शिकत गेले. सासरी मी ह्यांना कधी नावाने हाक मारली नाही. ‘अहो’ म्हणायचे, नाहीतर बांगड्या वाजवायचे. थोरल्या दिरांना सगळे भाई म्हणत, मीही भाई म्हणायचे, तेसुद्धा दाराआडून.

सौदीला खरं तर भाई जायचे होते. पासपोर्ट त्यांचा, विसा त्यांच्या नावावर आलेला. निघायला तीन आठवडे असताना ते होडी ओढताना घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. एजंट म्हणाला, विसा फुकट जाणार, पुन्हा मिळणार नाही. तेव्हा हे एकोणीस वर्षांचे होते. दोघा भावांचं नाक, कपाळ, दाढीची ठेवण सारखी. सासूने फोटो हातात धरला, धाकट्याच्या तोंडाशी नेला आणि म्हणाली, “कोण ओळखतो?” कुणी ओळखलं नाही. हे भाईंच्या पासपोर्टवर विमानात बसले, भाईंच्या नावाने तिकडे उतरले आणि त्याच नावाचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, खिशात ठेवून कामाला लागले. आमच्या गावातून असे दोघे-तिघे तरी गेलेले होते. कुणाला त्यात फार मोठं काही वाटत नव्हतं. चार-पाच वर्षं काम करायचं आणि परत यायचं, असंच सगळे धरून चालत.

आमचं लग्न ह्यांच्या खऱ्या नावाने झालं. पण मला तिकडे न्यायचं ठरलं तेव्हा निकाहाचा दुसरा कागद करावा लागला, भाईंच्या नावाचा. माझ्या पासपोर्टात नवरा म्हणून भाईंचं नाव आलं. निघायच्या दिवशी माझी मोठी जाऊ अंगणात बसून मासळी साफ करत होती. ती मान वर न करता म्हणाली, “जा बाई. कागदावर तरी माझी सवत झालीस.” सगळ्या बायका हसल्या. मीही पदर तोंडावर धरून हसले. जाऊ हसली नव्हती, ते मला खाडीपार नेणाऱ्या बोटीत बसल्यावर लक्षात आलं.

आम्ही कुवेतच्या सरहद्दीजवळ हफ्र अल बातिनला राहत होतो. हे एका लाँड्रीत कामाला होते आणि लाँड्रीच्या मागे दोन खोल्या आम्हाला दिल्या होत्या. कफील, म्हणजे ज्याच्या हमीवर हे तिथे होते तो लाँड्रीचा मालक, वयस्क होता, ह्यांच्यावर त्याचा जीव होता, त्यानेच ओळखीने माझा विसा काढून दिला होता. भिंतीपलीकडे दिवसभर यंत्रं घुमायची. त्या आवाजातून मला ह्यांना मारलेल्या हाका ऐकू यायच्या. कफील हाक मारायचा, इस्त्रीवाले दोघे मारायचे, कपडे घ्यायला आलेली गिऱ्हाइकं मारायची. सगळे भाईंच्या नावाने. हे लगेच ओ द्यायचे. पहिल्या दिवशी ती हाक ऐकून मी खोलीत एकटी असूनही पदर सारखा केला होता. मला वाटलं भाई आले.

तिथे नऊ वर्षं ह्यांना कुणी त्यांच्या नावाने हाक मारली नव्हती. त्या देशात ते नाव ठाऊक असलेली मी एकटी होते आणि मी ते घेत नव्हते. हे मला तेव्हा सुचलं नाही. आता लिहिताना सुचतंय.

नव्वद साली कुवेतवर चढाई झाली तेव्हा मला चौथा महिना होता. आधी रस्त्यावर कुवेतच्या गाड्या दिसू लागल्या, टपावर गाद्या आणि मुलांच्या सायकली बांधलेल्या. मग कुवेत सोडवायला सैन्य आलं. गावाबाहेरच्या माळावर तंबूच तंबू झाले. लाँड्रीत कपड्यांची इतकी गाठोडी येऊ लागली की ती आमच्या दाराशी रचून ठेवावी लागत. मातीच्या रंगाचे जाड सदरे, झटकले की मूठभर वाळू पडायची. बटणं तुटलेली, शिवणी उसवलेली. ते शिवायचं काम हे मला आणून देत. मला ते आवडायचं, कारण त्यासाठी कुणाशी बोलावं लागत नव्हतं.

संध्याकाळी मी शिवत असायचे आणि हे पाय पसरून बसायचे, तेव्हा आम्ही बाळाच्या नावाचं बोलायचो. मुलगा होणार असं ह्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. एकेक नाव हे सुचवायचे. मी ते मनातल्या मनात ह्यांच्या खऱ्या नावाशी जोडून बघायचे, आणि पुढे आडनाव. काही नावं भारी व्हायची, काही दोन्ही मिळून एखाद्या नवाबाची वाटायची. शेवटी एक सापडलं, छोटं, दोन अक्षरांचं. ते ह्यांच्या नावापुढे ठेवलं की तिन्ही मिळून एका श्वासात म्हणता यायचं, पाण्याचा घोट गिळावा तसं. मी म्हटलं, “हे बरं आहे.”

“कसं काय?” ह्यांनी विचारलं.

“तुमच्या नावाला शोभतं.”

“माझ्या कुठल्या?”

मी मान खाली घालून दोरा तोडला. ह्यांनी तुटलेला दोरा बोटाला गुंडाळला. मग म्हणाले, “इथे झाला तर मधे भाईंचंच लागेल. ठाऊक आहे ना?”

मला ठाऊक होतं. पण सातव्या महिन्यात मी गावी जाणार होते. बाळ गावी होईल, ग्रामपंचायतीत नाव लागेल आणि तिथे बापाचं नाव खरं लिहिता येईल, असं आमचं ठरलेलं होतं. सातवा महिना आला तेव्हा बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं परत जात होती आणि विमानात जागा मिळत नव्हती. आठव्यात डॉक्टर म्हणाले की आता प्रवास नको. ह्यांनी मला रोज सकाळी पाठ करायला लावलं. “दवाखान्यात कुणी विचारलं, बापाचं नाव काय, तर पासपोर्टातलं सांगायचं. म्हणून दाखव.” मी म्हणून दाखवायचे नाही. मला भाईंचं नाव घ्यायची लाज वाटायची. “वेळ आली की सांगेन,” म्हणायचे.

जानेवारीत लढाई पेटली, डोक्यावरून लढाऊ विमानं जायला लागली. खिडकीच्या काचांवर आम्ही चिकटपट्ट्या लावल्या होत्या, दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबलेला असायचा. विषारी वायू आला तर काय करायचं ते रेडिओवर सांगत, पण आमच्याकडे तोंडावर लावायचं काही नव्हतं आणि बाळाच्या मापाचं तर कुणाकडेच नव्हतं. चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी मला कळा सुरू झाल्या. कफीलच्या गाडीने मला दवाखान्यात नेलं. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना येऊ देत नव्हते. कागदांची पिशवी गडबडीत घरी राहिली होती, ती आणायला हे परत गेले.

बाळ दुपारी झालं. तिथे मिरजेकडची एक नर्स होती, पन्नाशीची, मोठ्या आवाजाची. इतक्या महिन्यांनी परक्या बाईच्या तोंडून मराठी ऐकून मला रडू आलं होतं. तिला वाटलं कळांनी रडतेय. बाळ पुसून माझ्या कुशीत दिलं, तेवढ्यात एक वयस्क मिसरी, म्हणजे इजिप्तकडचा, क्लार्क दाराशी पडद्यापलीकडे उभा राहिला. नर्स म्हणाली, “हे लोक आज लवकर कागद उरकतायत. भोंगा झाला की सगळे खाली पळतात. सांग पटकन, बाळाचं नाव काय?”

मी सांगितलं. तिने पडद्यापलीकडे सांगितलं.

“बापाचं?”

मी पदर डोक्यावर ओढला.

“अगं, नवऱ्याचं नाव.”

“लिहून देते,” मी म्हटलं.

“त्याला मराठी कुठे येतं वाचायला? तोंडाने सांग. काय बाई आहेस! बाळ झालं तरी लाजतेस?”

क्लार्क पलीकडून काहीतरी म्हणाला. नर्सने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “हळूच माझ्या कानात सांग. नवरा काही ऐकत नाही इथे.”

मी डोळे मिटले. नवऱ्याचं नाव असं मला विचारलं होतं, आणि माझ्या डोक्यात नवरा म्हणून एकच नाव होतं. सासू अंगणातून मारायची ती हाक. ते नाव मी जन्मात पहिल्यांदा तोंडाने घेतलं. नर्सने ते पडद्यापलीकडे मोठ्याने सांगितलं, बाळाच्या नावाला जोडून, पुढे मी सांगितलेलं आजोबांचं आणि आडनाव. मला आठवतंय, ते ऐकायला चांगलं वाटलं. मी थकलेली होते आणि ऐकता ऐकता झोपले. चूक झाली हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळी हे आले. बाळाला घेतलं, कानात अजान दिली, मग नर्सने दिलेला कागद उघडला. ह्यांना अरबी थोडं वाचता यायचं, लाँड्रीच्या पावत्यांपुरतं. कागद वाचताना ह्यांचा चेहरा मला दिसत होता. आधी वाटलं वाचता येत नाहीये. मग हे खुर्चीवर बसले.

“हे नाव कुणी सांगितलं?”

तेव्हा मला कळलं. मी म्हटलं, “मी.”

“तू तोंडाने घेतलंस?”

“हो.”

ओरडतील असं वाटत होतं. हे ओरडले नाहीत. कागद परत वाचला. बोट ठेवून वाचला, आणि त्या एका नावाशी बोट बराच वेळ थांबलं. मग विचारलं, “कसं घेतलंस? आता घेऊन दाखव.”

मला नाही जमलं. मी बाळाचं दुपटं सारखं करत राहिले. पलीकडच्या खाटेवरची बाई बघत होती. हे दोनदा म्हणाले, “एकदाच,” आणि मग उठून गेले. ते मी तेव्हा घ्यायला हवं होतं.

घरी आल्यावर मग नुसता विचार आणि विचार. तो कागद तात्पुरता होता. त्यावरून पक्का दाखला घ्यायचा, दाखला घेऊन रियाधला आपल्या वकिलातीत जायचं आणि बाळाचं नाव माझ्या पासपोर्टात चढवायचं, तरच बाळाला घेऊन मला गावी जाता येणार होतं. पण दाखल्यावर बाप एक आणि माझ्या पासपोर्टात नवरा दुसरा. कुणीही विचारलं असतं की हे मूल कुणाचं. आणि ह्यांनी खरं सांगितलं तर नऊ वर्षं दुसऱ्याच्या नावावर राहिलेला माणूस म्हणून ह्यांना आत टाकलं असतं. इकडे रोज विमानं डोक्यावरून जात. भांडी फळीवर वाजायची. बाळ दचकून उठायचं आणि पुन्हा दूध घ्यायचं नाही. हे म्हणत, “मी राहतो. पण तुम्ही दोघं निघा. काहीही करून निघा.”

मला एक युक्ती सुचली. रात्रंदिवस तेच डोक्यात असल्यामुळे सुचली असेल. मी म्हटलं, “अहो, मधे आजोबांचं नाव लावू या.”

“म्हणजे?”

“तुमचा बाप तोच भाईंचा बाप. बाळाचं नाव, मग आजोबा, मग आडनाव. बापाचं लिहायचंच नाही. मग त्यात खोटं काही नाही, आणि पकडायलाही काही नाही.”

हे माझ्याकडे बघतच राहिले. मग हसले, त्या महिन्यात पहिल्यांदा. “चौथीत किती मार्क होते गो तुला?” म्हणाले. आजोबांचं नाव बाळाच्या नावाला तसं शोभतही होतं. जुन्या वळणाचं होतं, पण चांगलं वाटायचं. दोन दिवस आम्ही बाळाला त्याच पूर्ण नावाने हाक मारली. त्या दोन दिवसांत मी पोटभर जेवले.

नर्स आपले गणवेश लाँड्रीत टाकायला यायची. ह्यांनी तिला मागे आमच्या खोलीत पाठवलं. खरं काय ते तिला सांगता येणार नव्हतं. मी म्हटलं, “ताई, कागदावर माझ्याकडून बापाचं नाव चुकलं. आता मधे नुसतं आजोबांचं लावता येईल का?”

ती म्हणाली, “तसं नसतं इथे. चार रकाने असतात. पहिल्यात मुलगा, दुसऱ्यात बाप, तिसऱ्यात आजा, चौथ्यात आडनाव. दुसरा रकाना मोकळा ठेवता येत नाही. मोकळा ठेवला तर काय समजतात ठाऊक आहे ना?” तिने बाळाला मांडीवर घेतलं. “पण नाव चुकलं म्हणजे काय? नवऱ्याचं नाव कसं चुकेल? इकाम्यावर तर वेगळं आहे, मी पाहिलंय. मग तू सांगितलंस ते कुणाचं?”

हे दाराबाहेर उभे होते. मला त्यांची सावली दिसत होती.

मी म्हटलं, “दिराचं. धाकट्या दिराचं.”

नर्स एकदम हसायला लागली. इतकं मोठ्याने की बाळ घाबरलं. “अगं बया! कळा देताना दिराचं नाव घेतलंस? नशीब माझं, मी ते त्या क्लार्कला सांगितलं, वॉर्डभर नाही सांगितलं!” मग माझं तोंड बघून तिने हसू आवरलं. “होतं गं. बाई त्या वेळी शुद्धीत नसते. कुणी आईला शिव्या देते, कुणी देवाला. पण तुलाच यावं लागेल. ज्या बाईने सांगितलं तिनेच समोर उभं राहून सांगायचं की चुकलं, बाप हा. तो म्हातारा त्याशिवाय हात लावायचा नाही.”

ती गेल्यावर हे आत आले नाहीत. बराच वेळ मागच्या अंगणात ओल्या कपड्यांच्या दोऱ्यांमधे उभे होते.

मला दोन गोष्टी करायच्या होत्या आणि दोन्ही मला मरणासारख्या वाटत होत्या. चारचौघांत भाईंचं नाव घेऊन सांगायचं की हा माझा नवरा, हा माझ्या मुलाचा बाप. आणि ज्याच्याशी माझं लग्न झालं होतं, तो बाजूला उभा असताना सांगायचं की ते दुसरं नाव परक्याचं, चुकून तोंडातून निघालं. आमच्या गावात एखादीने असं केलं असतं तर तिला विहिरीवर कुणी पाणी भरू दिलं नसतं.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी जेवताना हे म्हणाले, “पहिलं नावही बदलू या का? आता दुसरा कागद होणारच आहे, तर भाईंच्या नावाला शोभेल असं ठेवू. हे दोन एकापुढे एक नीट म्हणता येत नाहीत.”

ते खरं होतं. बाळाचं नाव जिथे संपायचं तिथेच भाईंचं सुरू व्हायचं आणि जीभ अडकायची. हे दोन-तीन नावं शोधूनही आले होते. एक तर भाईंच्या नावाशेजारी फार चांगलं वाटत होतं, वाईट म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. मला ते चांगलं वाटलं म्हणूनच राग आला.

“नको,” मी म्हटलं.

“अगं, म्हणायला बरं.”

“मला म्हणायला बरं नकोच. नाही शोभत तर नाही शोभू दे.” माझा आवाज चढला होता. मी ह्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. “पहिलं नाव मी ठेवलंय. ते कुणाच्या नावाशेजारी ठेवलं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आता भाईंसाठी दुसरं शोधायचं नाही.”

ह्यांनी घास ताटात ठेवला आणि हात धुतला. पुन्हा तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाळाला दुपट्यात गुंडाळून दवाखान्यात गेले. क्लार्कची खोली अरुंद होती, फायली जमिनीवर रचलेल्या. नर्स माझ्या डाव्या बाजूला, हे उजव्या. क्लार्कने चष्मा लावला, माझा जुना कागद घेतला, ह्यांचा इकामा शेजारी ठेवला आणि दोन्ही पाहिले. मग नर्सला काहीतरी विचारलं.

“बापाचं नाव सांग म्हणतो. आणि पहिल्यांदा कुणाचं सांगितलं होतंस तेही.”

मला वाटलं होतं की आवाज फुटणार नाही, घेरी येईल. तसं काही झालं नाही. भाईंचं नाव मी पहिल्याच खेपेला नीट घेतलं, कुठेही अडखळले नाही. मग म्हटलं, “पहिलं सांगितलं ते दिराचं. माझी शुद्ध नव्हती.”

नर्सने ते अरबीत सांगितलं. क्लार्क माझ्याकडे बघत नव्हता, तिथले पुरुष परक्या बाईकडे बघत नाहीत. तो ह्यांच्याकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर जरा कीव होती. त्याने ह्यांचा हात हातात घेऊन भाईंच्या नावाने हाक मारली आणि सावकाश काहीतरी बोलला. मी नंतर विचारलं तेव्हा ह्यांनी सांगितलं, “तो म्हणाला, मनाला लावून घेऊ नकोस. बाई माणूस, दुखण्यात बोलली.”

नवा कागद लिहिला, मी मराठीत सही केली, त्याने दोन शिक्के मारले. ह्यांनी खुणेने विचारलं, जुना कागद मी नेऊ का? क्लार्कने नाही म्हणून मान हलवली. जुना कागद नव्या कागदाच्या नकलेमागे टाचणीने लावला आणि फाइल बंद करून जमिनीवरच्या ढिगात ठेवली. तिथून हलताना ह्यांनी एकदा मागे वळून त्या ढिगाकडे पाहिलं.

पुढे मुलगा मोठा झाल्यावर विचारू लागला की माझ्या नावामागे काकांचं नाव कसं? आम्ही त्याला सांगत आलो की लढाईची गडबड होती, तिथल्या क्लार्कने चुकीचं लिहिलं. त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याने दोन्ही वेळा मी सांगितलं तेच लिहिलं होतं. आता मुलालाच मूल व्हायचंय आणि तो फोनवर विचारतो, “आई, माझ्या नावापुढे शोभेल असं एखादं सुचव ना.” मी म्हणते, तुमचं तुम्ही बघा, मला काय कळतं त्यातलं.

तेव्हा कागद बदलल्यावर वकिलातीची तारीख आम्हाला पुढच्या आठवड्यातली मिळाली. मी बाळाचे कपडे आणि माझे दोन जोड बांधून ठेवले. ती तारीख यायच्या आतच रस्त्यावरून रणगाडे जायला लागले, एकामागून एक, दिवसभर. खोलीची जमीन हलायची. मग एक दिवस सगळं शांत झालं. उत्तरेकडून काळा धूर यायला लागला होता, तिकडे तेलाच्या विहिरी पेटवल्या होत्या. भर दुपारी दिवा लावावा लागायचा. दोऱ्यांवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काजळीचे ठिपके पडायचे आणि पुन्हा धुवावे लागायचे.

तशाच एका काळ्या दुपारी कफील मागच्या दाराशी आला. त्याच्या हातात खजुरांचा डबा होता. तो ह्यांना मिठी मारून म्हणाला, “खलास! लढाई खलास!” बाळासाठी त्याने डब्यावर एक नोट ठेवली. मग भाईंच्या नावाने ह्यांना हाक मारून बरंच काही सांगितलं. आता घाबरून बायकोला पाठवायची गरज नाही, सैन्य परत जायला लागलंय, जाण्याआधी सगळे कपडे धुवून मागतायत, आणखी दोन माणसं घेऊ, तू आता कुठे जाऊ नकोस. हे मान हलवत ऐकत होते.

तो गेल्यावर मी गाठोडं सोडायला बसले. बाळाचे कपडे एकेक करून परत फळीवर ठेवले. मला विचारायचं नव्हतं, पण राहवलं नाही.

“आता जायचं नाहीये,” मी म्हटलं. “मग तो कागद परत पहिल्यासारखा करून देतील का?”

हे दाराशी चपला घालत होते.

“काय सांगून?” ते म्हणाले.

बाहेर गाडी येऊन थांबली, मातीच्या रंगाच्या गाठोड्यांनी भरलेली. कुणीतरी भाईंच्या नावाने हाक मारली. ह्यांनी ओ दिली आणि गाठोडी उतरवायला गेले.